कोणाच्या नावानं सोडू?

लोकांनी माझ्याशी किती तऱ्हेने खोटं बोलावं याची मला आता सवय झाली आहे. बोईसरला कॅन्सरच्या पेशंटसाठी एका संस्थेचं छोटंसं केंद्र आहे, तिथे मी बसते. माझं काम एकच. ज्यांच्यावर उपचार चालू आहेत किंवा नुकतेच संपले आहेत, त्यांची विडी, सिगारेट, तंबाखू सोडवायची. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय मोठंसं, कॅन्सर झाल्यावर माणूस आपोआपच सोडत असेल. मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. प्रत्यक्षात भ्यायलेला माणूस आधीपेक्षा जास्त ओढतो, आणि माझ्यासमोर बसून छातीवर हात ठेवून सांगतो की मी तर केव्हाच सोडली.

कुंभवलीकडून येणारे कारखान्यातले कामगार हिंदीत सांगतात, मॅडम, प्लांट में माचिस ले जाना मना है, पिएँगे कहाँ से. ते खरंच असतं. फक्त पाळी सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर काय होतं ते सांगायचं राहून जातं. डोंगराकडची एखादी बाई म्हणते, मी कशाला म्हणून हात लावत नाही, आणि बोलताना तिचे दात मिश्रीने काळे दिसत असतात. मिश्री म्हणजे तंबाखूच, हे तिच्या गावीही नसतं. मी चिडते. मला पटकन राग येतो आणि तो चेहऱ्यावर दिसतो. नवरा म्हणतो, तुला समुपदेशक कोणी केलं, तू फौजदार व्हायची होतीस. तो इथेच एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. आम्ही मूळचे मिरजेकडचे, पण आता बोईसरमध्ये इतकी वर्षं झाली की तिकडची माणसं आम्हाला इकडची समजतात आणि इकडची तिकडची.

नवापूरचा तांडेल माझ्याशी कधीच खोटं बोलला नाही. त्याची आठवण मला टोचते ती त्यामुळेच.

तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, समुद्रात ज्याचा शब्द शेवटचा तो. सगळे त्याला तांडेलच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. पन्नाशी ओलांडलेला, आडवा बांधा, उन्हाने रापलेली मान. बरोबर बायको होती. ती बोईसरच्या बाजारात मासे विकते. तिला मी आधीपासून तोंडओळखीने जाणत होते, कारण तिने मला एकदा सुरमई महाग दिली होती आणि वर माझीच चूक काढली होती. तांडेलाचा आवाज कित्येक महिने बसला होता. गुळण्या, काढे, गोळ्या सगळं करून झाल्यावर कोणीतरी त्याला तपासायला लावलं, आणि स्वरयंत्रावर बारीकशी गाठ निघाली. कॅन्सरची.

आमच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं. गाठ लहान आहे, लवकर सापडली आहे, नुसत्या लाइटवर जाईल. रेडिएशनला इकडे सगळे लाइटच म्हणतात. आवाजही परत येईल. पण ती पुन्हा उगवली तर मात्र पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल, गळ्याला समोरून भोक पाडून तिथून श्वास घ्यावा लागेल, आणि आवाज कायमचा जाईल. जो माणूस लाइट चालू असताना आणि नंतरही ओढत राहतो, त्याची गाठ परत येण्याची भीती जास्त. म्हणून विडी बंद. मी शेजारी बसून मान हलवत होते.

तांडेलाने सगळं ऐकून घेतलं. दिवसाला त्याला दोन-दोन बंडलं लागत. सगळं झाल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला.

"पथ्य किती दिसाचं?"

डॉक्टर घाईत होते. बाहेर रांग होती. ते म्हणाले, लाइट चालू असेपर्यंत तर एकसुद्धा नको. तांडेलाने मान डोलावली. मला त्या प्रश्नात काही खटकलं नाही. उलट मी खूश झाले, कारण इकडे पथ्याला फार मान आहे. कावीळ झाली की जव्हारकडचा कोणीतरी झाडपाल्याचं औषध देतो आणि बजावतो, तेल बंद, मीठ बंद, हळद बंद. जो माणूस डॉक्टरची गोळी दोन दिवसांत विसरतो, तो हे पथ्य काटेकोर पाळतो. घरात मटण शिजत असलं तरी आपला पेजेचा वाडगा घेऊन ओटीवर जाऊन बसतो. मला वाटलं, याने पथ्य म्हटलं, आता आपलं अर्धं काम झालं.

त्यात वेळही साधून आली होती. पावसाळ्याची मासेमारीबंदी नुकती लागली होती. नवापूरच्या बोटी किनाऱ्यावर ओढून, झावळ्या आणि प्लास्टिक घालून शाकारून ठेवल्या होत्या. तांडेल म्हणाला, बरं झालं, दर्याही बंद, बिडीही बंद. मी त्या वाक्यावर हसले आणि ते दुसऱ्या पेशंटनाही सांगितलं, बघा कसा विचार करतो माणूस.

पहिले काही दिवस वाईट गेले. मी त्याला दंडावर निकोटिनची पट्टी लावायला शिकवलं. इतरांना मी तलफ आली की लवंग चघळा म्हणून सांगते, पण लाइट चालू असताना घसा आतून सोललेला असतो, त्याला लवंग म्हणजे निखारा. च्युइंगमही चालत नाही. म्हणून पट्टी, थंड पाण्याचे घोट आणि माझा फोन नंबर, एवढंच त्याच्याकडे होतं. त्याने फोन मात्र मनसोक्त वापरला. मी भाकऱ्या थापत असताना, बाजारात असताना, एकदा तर नणंदेच्या साखरपुड्यात त्याचा फोन आला. बोलायचं असं काही नसायचं. आवाज तर नुसता घोगरा श्वास झाला होता. तो म्हणायचा, बाय, हात मागतो. तोंडापेक्षा हाताला जास्त सवय लागलेली असते, हे खरं आहे. मी म्हटलं, हाताला काम द्या. मग तो दिवसभर फाटकी जाळी घेऊन बसायला लागला. बायको म्हणायची, आमचीच नाय, सगळ्या पाड्याची जाळी शिवून दिलीन, आता लोक मुद्दाम फाडून आणतात.

लाइटचं मशीन आमच्याकडे नाही. त्यासाठी आमच्या जीपने पेशंटना दूरच्या मोठ्या रुग्णालयात नेत. तांडेलाच्या गळ्याची कातडी काळी पडली, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, अंगावरचं मांस उतरलं. पण विडी ओढली नाही. आमच्याकडे फुंकर मारायचं एक यंत्र आहे. माणसाने ओढली असेल तर ते लगेच लाल आकडा दाखवतं. तांडेल आला की आधी यंत्राकडे जायचा, कोवळ्या पोरासारखा गाल फुगवून फुंकायचा आणि हिरवं दिसलं की माझ्याकडे बघायचा. बायकोला दारात बसलेले शेजारी विडी पेटवताना दिसले तर ती हातातल्या कोयतीनिशी उठायची. मला ती दोघं फार आवडायला लागली होती. माझी चिडचिड त्या महिन्यांत घरच्यांनाही कमी वाटली असेल.

लाइट संपली. श्रावण लागला. घसा भरून आला, मग हळूहळू आवाज परतला. नारळी पौर्णिमेला तांडेलाच्या बायकोने मला आग्रहाने बोलावलं.

मी नवापूरला पोचले तेव्हा मिरवणूक वाळूवर उतरली होती. सोनेरी कागदात गुंडाळलेला मानाचा नारळ, नव्या लुगड्यातल्या बायका, बेंजोचा कल्लोळ. आणि त्या सगळ्याच्या वरून एक आवाज येत होता. गुडघाभर पाण्यात शिरलेल्या पोरांना कोणीतरी ओरडून सांगत होतं, पुढं जाऊ नका, तिथं खड्डा हाय. तो तांडेल होता. मी त्याला भेटले तेव्हापासून त्याचा आवाज बसलेलाच होता, त्यामुळे त्याचा खरा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मोठा, भरदार, वाऱ्याला आडवा जाणारा. मला एकदम भरून आलं. हा आवाज वाचवण्यात आपला थोडासा हात आहे, असं मनात आलं. ते मी नाकारणार नाही.

नारळ पाण्यात सोडला. सगळ्यांनी हात जोडले. मग तांडेलाचा पुतण्या पुढे झाला, त्याने ओंजळीच्या आडोशाला काडी ओढून एक विडी पेटवली आणि अदबीने काकाच्या हातात दिली. तांडेलाने ती घेतली, डोळे मिटून एक लांब झुरका मारला. मग माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती, शरम नव्हती. तो अगदी आनंदात होता.

"बघितलंत ना बाय? एक पन दिस चुकवला नाय. दर्या खुला झाला, पथ्य सुटलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पूजेचा दिवस, भोवती सगळा गाव, आणि त्याची बायको माझ्यासमोर नारळीभाताची ताटली धरून उभी. मी ताटली घेतली आणि भात शेवटच्या शितापर्यंत संपवला.

पुढच्या आठवड्यात तो केंद्रात आला आणि मी त्याला सोडला नाही. दार लावून घेतलं आणि मनात होतं ते सगळं ओकले. डॉक्टरांनी काय सांगितलं, लाइटनंतरही ओढली तर काय होतं, गळ्याला भोक म्हणजे काय. बायको खाली मान घालून ऐकत होती. तांडेल मात्र चकित होऊन माझ्याकडे बघत होता. त्याला मनापासून वाटत होतं की त्याने शब्द पाळला आहे. त्याने मला उलट विचारलं, मग तेव्हाच सांगायचं ना, कायमची म्हणून. मी म्हटलं, सांगितलं होतं, बंद करा म्हणून सांगितलं होतं. बोलता बोलताच मला कळलं की इकडे बंद म्हणजे काय. बोटी बंद होतात आणि पौर्णिमेला खुल्या होतात. श्रावणात काही घरांत मासळी बंद होते आणि नंतर सुरू होते. बंद या शब्दाच्या पोटातच खुलं होण्याची तारीख असते. त्याने ती तारीख स्वतःच ठरवली होती, कारण आम्ही दुसरी दिली नव्हती.

बरं, मी म्हटलं, आता सांगते, कायमची सोडा.

तो सावकाश, मला समजेल अशा बेताने बोलायला लागला. त्याचा मोठा भाऊ फार वर्षांपूर्वी दर्यात गेला. बोट परत आली, भाऊ आला नाही. त्याला सरंगा फार आवडायचा. सरंगा म्हणजे पापलेट. दहाव्याला तांडेलाने तळहातावरून पाणी सोडलं आणि भावाच्या नावाने सरंगा सोडला. तेव्हापासून तो मासा तोंडात घातलेला नाही. त्याच्या बायकोने आईच्या नावाने ताडगोळे सोडलेत. शेजारच्या म्हातारीने मुलाच्या नावाने गोड सोडलंय, चहासुद्धा बिनसाखरेचा पिते. कायमचं सोडणं म्हणजे हे.

"कायमचं सोडायचं ते मेलेल्याच्या नावानं. घरात सगळी जिती हायत, बाय. मी कोणाच्या नावानं सोडू?"

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, भावाच्याच नावाने सोडा की. तो म्हणाला, भाऊ विडीला शिवत नव्हता, जे त्याला आवडायचं नाही ते सोडून त्याला काय पोचणार. मग म्हटलं, कोणाच्याच नावाने नका सोडू, नुसती सोडा. यावर बायकोने पहिल्यांदा मान वर केली. मी जे बोलले ते तिला सहन झालं नव्हतं, हे दिसत होतं.

"रिकामं नाय सोडत, ताई. नाव नसलं तर ते कोणाला तरी धरतं."

तोवर ती माझ्या बाजूची होती. शेजाऱ्यांवर कोयती घेऊन धावणारी बाई. त्या एका वाक्याने ती पलीकडे जाऊन बसली. घरात दोन नातवंडं होती, एक सून गरोदर होती. ती कोणाचा जीव पणाला लावणार होती? मी धूर, रक्त, पेशी असलं काही सांगायला लागले आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला. वर तांडेलाने विचारलं, रोज सांजेला कारखान्यांचा वास आमच्या घरात शिरतो, तो कोण सोडवणार, त्याला कोणतं पथ्य लावणार. त्या वासाच्या पगारावर माझं घर चालतं.

आमच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, व्यसनी माणूस कारण शोधतोच, याने जरा सुंदर शोधलंय इतकंच. मला ते पटायला हवं होतं, सोपं झालं असतं. पण ज्याच्या हातांखालून वर्षानुवर्षं सरंग्याच्या टोपल्या गेल्या, घरात तळल्याचा वास सुटला, आणि ज्याने एक तुकडा तोंडात टाकला नाही, त्याच्या निग्रहाला मी कमकुवत कसं म्हणू? त्याला कायमचं सोडता येत होतं. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येत होतं. मी आजवर काहीही कायमचं सोडलेलं नाही, साधी चहाची दुसरी खेपसुद्धा नाही.

शेवटी मी हात टेकले आणि तुकड्या-तुकड्याने पथ्य लावायला लागले. म्हटलं, दसऱ्यापर्यंत नको. त्याने दसऱ्यापर्यंत पाळलं. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर पेटवली आणि मग कित्येक दिवस सुटला. पुन्हा बोलावलं, म्हटलं, दिवाळीपर्यंत. पाळलं. पुन्हा सुटला. पुढच्या तपासणीपर्यंत, गावदेवीच्या जत्रेपर्यंत, सुनेच्या बाळंतपणापर्यंत. बोट दर्यात जायला लागल्यावर तर मधले दिवस वाढतच गेले, कारण जाळं ओढून झाल्यावर सगळे खलाशी एकदम पेटवत आणि तांडेलाला पहिली देत. तो केंद्रात यायचा, यंत्रात फुंकायचा आणि लाल दिसायच्या आतच सांगायचा, ह्या पंधरवड्यात ओढली, बाय. बाकीचे खोटं बोलत, त्यांना पकडण्यात माझी हुशारी लागायची. याच्यात पकडायला काही नव्हतंच. मी रागावायची, तो ऐकून घ्यायचा, आणि जाताना बायको माझ्या टेबलावर सुके बोंबील ठेवून जायची.

शिमगा जवळ आला. कोळी माणसांचा हा सगळ्यात मोठा सण. तांडेलाचा फोन आला, होळीला या. एवढंच वाक्य होतं, पण त्यातल्या 'या'ला आवाज मध्येच फाटला आणि नुसती हवा आली. मी विचारलं, घसा बसलाय का. तो म्हणाला, गाण्यानं बसला असेल, सराव चालू हाय. मी म्हटलं, उद्याच्या उद्या या. तो म्हणाला, होळी होऊन जाऊ दे. मी फोनवर जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी तो आला. बायको बाजारातून तशीच उठून आली होती, टोपली शेजारणीच्या स्वाधीन करून. साडीला मासळीचं पाणी लागलेलं होतं.

गाठ परत आली होती. या वेळी लाइटचा उपयोग नव्हता. स्वरयंत्र काढणं हाच एक मार्ग होता.

ती दोघं बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, मधल्या त्या विड्यांनी झालं का हे? ते म्हणाले, सांगता येत नाही. ओढली नसती तरी आली असती, असंही होतं. ओढली म्हणून आली, असंही होतं. एका माणसाच्या बाबतीत कोणीच सांगू शकत नाही. मला त्यांनी हो म्हणायला हवं होतं, नाहीतर नाही म्हणायला हवं होतं. हे मधलं उत्तर मी अजून बरोबर घेऊन फिरते. राग आहे, पण तो कोणावर काढायचा तेच कळत नाही. तांडेलावर काढावा तर त्याने दिलेला एकही शब्द मोडला नव्हता.

ऑपरेशन नीट झालं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी उगाच जीव मुठीत धरून वाचायला नको. मी सांगणार आहे ते त्याच्या आदल्या दिवसाचं. गाठ परत आल्याचं कळल्यापासून त्याने ओढली नव्हती. जखम भरायची तर आधीचे काही आठवडे फुप्फुसं स्वच्छ हवीत, असं सर्जनने बजावलं होतं आणि ते त्याने पाळलं होतं. पण माझी धडपड पुढच्यासाठी होती. ऑपरेशनपर्यंतचं पथ्य ऑपरेशननंतर सुटणार, हे मला आता माहीत झालं होतं. गळ्याच्या भोकाला विडी लावून ओढणारी माणसं मी पाहिली आहेत. तो तसा बसलेला मला सारखा डोळ्यांसमोर दिसायचा.

तांडेलाने मला बोलावून घेतलं होतं. आमची जीप पेशंट घेऊन निघालीच होती, तिच्यातून गेले. दुपारची वेळ होती. वॉर्डात कूलर घरघरत होता. गावाकडून एकामागून एक फोन येत होते, प्रत्येकाला त्याचा आवाज ऐकायचा होता, पण तसं कोणीच म्हणत नव्हतं. बोटीचं डिझेल, जाळ्याचा भाव, नातवाचा ताप, असलंच काहीतरी विचारत होते आणि तो फाटक्या आवाजात उत्तरं देत होता. मुलाला ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचं होतं. आईने करू दिलं नाही. ती म्हणाली, माणूस काय जातोय कुठे.

नंतर यंत्र बसवून काही जण बोलायला शिकतात, हे मी त्याला पुन्हा समजावलं. त्याने ऐकून घेतलं. जेवणाची स्टीलची थाळी रिकामी होऊन उशाशी पडली होती. त्याने ती पुढ्यात ओढली, पाण्याचा पेला घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, नाव गावलं."

मला काही कळलं नाही. बायकोला मात्र लगेच कळलं. ती पलंगाच्या कडेवरून उठली आणि तिने त्याचं मनगट धरलं. तिने सांगितलं, जित्याच्या नावाने पाणी सोडू नका. तिचा आवाज इतका हलका मी कधी ऐकला नव्हता. तांडेलाने तिचा हात हळूच बाजूला केला. म्हणाला, जिता कुठं हाय, उद्या सकाळी जाणारच तो. मग त्याने डावा हात गळ्यावर ठेवला, उजव्या तळहातावर पाणी घेतलं आणि ते बोटांवरून थाळीत सोडलं.

"याच्या नावानं सोडली. कायमची."

बायको भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते, पण तिने त्याला पुन्हा अडवलं नाही. पौर्णिमेपासून मला त्या माणसाच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. यासाठी मी भांडले होते, फोनवर ओरडले होते, सणांच्या तारखा मोजत त्याच्या मागे लागले होते. आता त्याने म्हटलं होतं, आणि मला ठाऊक होतं की तो ते मोडणार नाही.

वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी मी खुर्ची त्याच्या उशाशी सरकवली आणि म्हटलं, तांडेल, कूलरच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, परत एकदा सांगा. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग त्याने परत सांगितलं.